दहाचं इंजेक्शन

मराठवाड्यातलं एक सरकारी रुग्णालय, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, पावसाळ्यातली रात्र. म्हाताऱ्याला खाट मिळालेली नाही. दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गादी टाकून त्याची सोय केलेली. उशाशी म्हातारी, तिच्या मांडीजवळ भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली आणि दुमडून दुमडून मऊ पडलेला केसपेपर. दहाला इंजेक्शन आहे असं संध्याकाळी कुणीतरी सांगून गेलेलं, म्हणून ती नवऱ्याला झोपू देत नव्हती. डोळा लागला की खांदा हलवायची. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजून गेले. पाऊण वाजता ट्रॉली खडखडत त्यांच्यापर्यंत आली. सिस्टर गुडघ्यावर बसली, सुईची जागा बघितली, इंजेक्शन दिलं. म्हातारीने विचारलं ते भांडायला नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून: "सिस्टरबाई, तुमच्यात दहा कवा वाजतेत?" सिस्टर थकलेलं हसली. "वाजले की मावशी, हे आत्ताच." कागदावर तिने वेळ टाकली, सही केली आणि ट्रॉली पुढे ढकलली. शेजारच्या पेशंटसोबत आलेल्या शाळकरी पोराने कागद हातात घेऊन वाचलं, "आज्जी, हितं दहाच लिवलंय."

एवढंच. कुणाचा जीव गेला नाही, आरडाओरडा झाला नाही, पेपरात बातमी आली नाही. पण तो लिहिलेला दहाचा आकडा कुसळासारखा रुतून बसतो. सिस्टर खोटारडी असती तर गोष्ट सोपी होती. ती खोटारडी नव्हती, आणि खरं म्हणजे आळशी तर मुळीच नव्हती.

हिशेब मांडून बघावा. त्या वॉर्डात खाटा 30. रात्री बाराच्या मोजणीत पेशंट 44, म्हणजे 14 जण गादीवर. त्यातल्या 33 जणांना रात्री दहाचं शिरेतून द्यायचं इंजेक्शन. आता एक इंजेक्शन म्हणजे काय? नाव आणि केसपेपर ताडून बघायचा. पावडरच्या कुपीत 10 मिली स्टराइल वॉटर घालायचं आणि गाठी मोडून पाणी नितळ दिसेपर्यंत हलवायचं. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, चालू आहे का बघायची, थोडं नॉर्मल सलाईन ढकलून नळी धुवायची. सेफ्ट्रायॲक्झोनसारखं नेहमीचं ॲन्टिबायोटिक असेल आणि त्याच नळीतून आधी रिंगर लॅक्टेट चालू असेल तर हे धुणं चुकवून चालत नाही, कारण त्या सलाईनमधल्या कॅल्शियमशी ते औषध भिडलं की नळीत साका धरतो. मग औषध सावकाश, दोन ते चार मिनिटं घेऊन ढकलायचं. सुई हब कटरमध्ये तोडायची, काचेची कुपी निळ्या डब्यात, हात पुसायचे, कागदावर सही. यात कुणी "सिस्टर, सलाईन थांबलं" म्हणून हाक मारली नाही, कुणाचा हात सुजला म्हणून कॅन्युला नव्याने घालावी लागली नाही, असं धरलं तरी पाच मिनिटं लागतातच. 33 गुणिले 5 म्हणजे 165 मिनिटं. दहाला पहिल्या खाटेपासून निघालेली ट्रॉली पाऊण वाजता शेवटच्या गादीशी पोचते. सिस्टर एक मिनिटही उशिरा आली नव्हती.

म्हातारीच्या प्रश्नाला खरं उत्तर होतं: या गादीवर दहा पाऊणला वाजतात.

हे टाळायच्या युक्त्या सगळ्या वॉर्डांत ठाऊक असतात आणि प्रत्येक युक्तीची किंमत असते. सव्वानऊलाच सगळ्या कुप्या विरघळवून, सिरिंजा भरून, चिकटपट्टीवर खाट नंबर लिहून ट्रेमध्ये ओळीने लावून ठेवता येतात. मग एक पट्टी सुटते किंवा 17 चा 11 वाचला जातो. शिवाय गादीवरच्या पेशंटला नंबरच नसतो, तो "बारा नंबरच्या खालचा" असतो. किंवा चार मिनिटांचं औषध वीस सेकंदांत ढकललं जातं. पेशंट "आग आग होतंय" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी शीर दोरीसारखी लाल, कडक होते. मग कॅन्युला बदलायला दहा मिनिटं जातात, म्हणजे वाचवलेला वेळ अडीचपट होऊन परत येतो. अजून एक बारकावा आहे, तो बाहेरच्याला सहसा सुचत नाही. ट्रॉली रोज पहिल्या खाटेपासूनच निघाली तर दोन डोसांमधलं अंतर सारखंच राहायला हवं. पण सकाळच्या पाळीत तीन जणी असतात, त्यामुळे शेवटच्या गादीचं सकाळचं दहाचं इंजेक्शन पावणेअकराला होतं आणि रात्रीचं पाऊणला. म्हणजे एकदा चौदा तास, एकदा दहा. दिवसातून एकदोनदाच द्यायच्या औषधाला याने फार बिघडत नाही. दर सहा तासांनी द्यायच्या पेनिसिलिनला बिघडतं. जेवणाआधीच्या इन्सुलिनला तर फारच बिघडतं, कारण जेवण कुणासाठी थांबत नाही.

आणि इंजेक्शनं म्हणजे रात्र नव्हे. आठला ओव्हर घ्यायची, म्हणजे संध्याकाळच्या सिस्टरबरोबर खाटेखाटेला फिरून कोण कसा आहे हे ताब्यात घ्यायचं. ताप, नाडी, रक्तदाब. जे गेले त्यांचे कागद, जे आले त्यांचे कागद. ऑक्सिजन सिलिंडर किती उरला. जून उजाडून पेरण्या आणि पुढे फवारण्या सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या मेडिसिन वॉर्डात कोपऱ्यातल्या एका खाटेवर विषबाधेचा पेशंट असतोच. त्याला ॲट्रोपिन, विषावरचा उतारा. एका ॲम्प्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. सुरुवात तीन ॲम्प्युलनी करायची, पाच मिनिटांनी छातीला नळी लावून ऐकायचं, घाम, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, फरक नसेल तर डोस दुप्पट. तीन, सहा, बारा, चोवीस. पंधरा मिनिटांत 45 काचेच्या ॲम्प्युल. डॉक्टर तोंडाने आकडा सांगतो, पण माना मोडायच्या असतात सिस्टरच्या बोटांनी. कापसाचा बोळा धरून मोडल्या तरी अंगठ्याला चरे पडतात. अशा पेशंटपाशी पहिले काही तास एक माणूस खिळून पाहिजे. तो खिळला की बाकीच्या 43 जणांचे दहा आणखी पुढे सरकतात. त्या पावसाळी रात्री कोपऱ्यातली खाट योगायोगाने शांत होती, म्हणून पाऊणवर भागलं.

आता किती सिस्टर पाहिजेत, याचा निकष आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो: शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 खाटांमागे 1 नर्स, साध्या रुग्णालयात 5 मागे 1, वर रजेसाठी 30 टक्के राखीव. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, तीन पेशंटांना एक सिस्टर! तसं नाही. हा आकडा पदांचा आहे, पाळीचा नाही. दिवसाच्या तीन पाळ्यांत तो वाटला की 3 चे 9 होतात, म्हणजे एका वेळी नऊ खाटांमागे एक जण. आंदोलनाच्या फलकावर "1:3 लागू करा" लिहिलेलं असतं आणि निवेदन घेणारा साहेब मान डोलावतो, तेव्हा दोघांच्या डोक्यात वेगवेगळं चित्र असण्याची शक्यता बरीच असते.

पण आकडा फसवा असला तरी आतून चोख आहे, हे मान्य करावं लागतं. एका खुर्चीवर वर्षभर, चोवीस तास कुणीतरी बसलेलं पाहिजे असं धरू. वर्षाच्या पाळ्या होतात 1095. एका कर्मचाऱ्याचे 365 दिवस घ्या. त्यातून साप्ताहिक सुट्या 52, अर्जित रजा 30, किरकोळ रजा 8, सणासुदीच्या सुट्या चोवीसेक वजा करा. हातात उरतात अडीचशेच्या आसपास. 1095 भागिले 250, म्हणजे जवळजवळ साडेचार. एका खुर्चीला साडेचार माणसं. तीस खाटांच्या वॉर्डात नवामागे एक या हिशेबाने प्रत्येक पाळीत तीन खुर्च्या, म्हणजे तेरा माणसं. आणि निकषाने काय येतं? 30 भागिले 3 म्हणजे 10, अधिक 30 टक्के, तेराच. ज्याने कुणी हा 30 टक्क्यांचा आकडा ठरवला त्याने कधीतरी ड्युटी चार्ट स्वतः लावलेला असणार. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या 2012 च्या मानकांत मात्र हा हात दिसत नव्हता. तिथे प्रसूती कमी असलेल्या केंद्राला किमान तीन स्टाफ नर्स धरल्या होत्या. आठवड्याच्या पाळ्या 21. तिघी सहा-सहा दिवस आल्या तर 18. एकीनेही रजा न घेता तीन पाळ्या दर आठवड्याला कोऱ्या. त्या कोऱ्या पाळ्यांत अडलेली बाई आली तर काय, याचं उत्तर त्या त्या गावच्या जीपवाल्याला विचारावं.

तर तेरा. मग त्या रात्री एकटी का? नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला 48 तासांत 31 मृत्यू झाले, त्यांत नवजात बाळंही होती, तेव्हा औषधांबरोबर रिक्त पदांचीही चर्चा झाली. रिक्त पदांचा विषय काढला की सगळे गंभीर होतात. पण भरलेल्या पदांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. तेरापैकी दोन रिक्त धरा. एक जण प्रसूती रजेवर, ती 180 दिवसांची, आणि वॉर्डातल्या बहुतेक जणी पंचविशी-तिशीतल्या असल्या की अशी एखादी कायम असतेच. बदली माणूस मिळत नाही. एकीचं पद इथे, पण डेप्युटेशनवर दुसरीकडे. पगार इथल्या तक्त्यात, माणूस तिथे. नवं अतिदक्षता युनिट उद्घाटन होऊन सुरू झालं, त्याच्या पदांचा आकृतिबंध अजून मंजूर नाही, म्हणून तिथे दोघी "तात्पुरत्या" गेल्या, तीन वर्षांपूर्वी. एक जण भांडारात, कारण चादरी, थर्मामीटर, बीपीचं यंत्र यांचा हिशेब आणि डेड स्टॉकची वही सांभाळायलाही सिस्टरच लागते. परिसेविका, म्हणजे इनचार्ज सिस्टर, सकाळच्याच पाळीला. उरल्या पाच. सकाळी परिसेविका धरून तिघी लावल्याच पाहिजेत, त्या वेळी राउंड असतो. दुपारी एक, रात्री एक, आणि एक साप्ताहिक सुटीवर. कागदावर मात्र वॉर्ड जवळजवळ भरलेला दिसतो. आणि निकष मोजतो खाटा. गाद्या कुठल्याच निकषात नाहीत.

परदेशातलं उदाहरण दिलं की आपल्याकडे लगेच "तिथलं वेगळं" म्हणतात, तरी एक सांगावंसं वाटतं. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये नर्समागे पेशंट किती याचा कायदा केला आणि 2004 पासून तो रुग्णालयांना लागू झाला. पैशांची गोष्ट बाजूला ठेवू. तिथला आकडा पाळीचा आहे आणि पेशंटचा आहे, पदांचा आणि खाटांचा नाही. फरक या दोन शब्दांत आहे. अमेरिकेतल्याच पेन्सिल्वेनियाच्या 168 रुग्णालयांचा एक अभ्यास 2002 मध्ये आला: शस्त्रक्रियेच्या पेशंटांत, नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. एक पेशंट वाढला तर. आपल्या त्या वॉर्डात नवाच्या जागी चव्वेचाळीस होते.

मग हा वॉर्ड चालतो कसा? नातेवाईक चालवतात. म्हातारीला कुणी नेमलेलं नाही, पण ती पाजते, पुसते, भांडं देते, कूस बदलते, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलते. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारायचं कामही तिचंच. 500 मिली आठ तासांत द्यायचं तर साध्या सेटवर मिनिटाला वीस-एकवीस थेंब. "लवकर संपलं की लवकर घरी" असं कुणीतरी सांगितल्यावर एखादा भाचा ते चाक हळूच सैल करतो आणि हृदयाच्या पेशंटला पहाटे धाप लागते. त्या भाच्याला रागवावं तर तो आदल्या दिवशीची मजुरी बुडवून आलेला असतो. दिवाळीनंतर बीडकडची माणसं ऊसतोडीला गेली की वॉर्डात दिसतात ती म्हाताऱ्यांजवळ बसलेली म्हातारी माणसंच, किंवा दहा-बारा वर्षांची पोरं. तेव्हा हे बिनपगारी मनुष्यबळही आटतं. कुठल्याच आकृतिबंधात त्याचं पद नसल्यामुळे ते रिक्त झाल्याचंही कळत नाही.

नर्स शिकून तयार होत नाहीत असं तर अजिबात नाही. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली लातूर, परभणी, नांदेडच्या बसस्टँडवर सकाळी थव्याने दिसतात. तीन वर्षांनी त्यांतल्या कितीतरी पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती: 200 वर खाटा असतील तर सरकारी वेतनाइतकं वेतन, 100 ते 200 मध्ये फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 मध्ये फार तर 25 टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा लहान दवाखान्यातही महिना 20,000 च्या खाली नाही. हा शेवटचा आकडा तालुक्याच्या गावी कुणा डॉक्टरला सांगून बघावा. तो चहा पाजेल, एवढं नक्की. सरकारीत जायचं तर बऱ्याचदा अकरा महिन्यांचा कंत्राटी आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा आदेश. 2022 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या सरकारी नर्स संपावर गेल्या, त्यात मोठी मागणी हीच होती की भरती बाहेरच्या ठेकेदारामार्फत नको. 1947 च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायला 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला. त्यात शिक्षण, नोंदणी, दर्जा हे सगळं आहे. वॉर्डात एका पाळीला किती जणी असाव्यात, हा आकडा त्यात नाही.

फिरून फिरून त्या कागदावर यावं लागतं. सिस्टरने दहा का लिहिलं? कारण 12.45 लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो आला असता, इंजेक्शनला विलंब का झाला, खुलासा करा. खुलाशात "एकटी होते" लिहिलं की "नियोजन नीट करावे" असा शेरा. एकदा असं झालं की माणूस शहाणा होतो. पण सगळ्या शहाण्या झाल्यामुळे, राज्यातल्या सगळ्या वॉर्डांतली इंजेक्शनं रोज रात्री ठीक दहाला दिली जातात. मग कुणी सचिव, कुणी आमदार, कुणी न्यायाधीश कागद मागवून बघेल तेव्हा त्याला काय दिसणार? काम वेळेवर चाललंय. जादा पदं कशाला? कमतरतेचा एकमेव लेखी पुरावा जिच्या हातात आहे, तीच तो रोज स्वतःच्या सहीने पुसते, आणि पुसल्याबद्दल तिला दोषही देता येत नाही.

याच्या उलट एक गोष्ट गावोगाव लसीकरणाच्या दिवशी घडते. उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे गावची नर्सबाई, गोवर-रुबेलाची कुपी फोडते, सोबतच्या द्रवात लस विरघळवते आणि कुपीवर पेनाने वेळ लिहिते. खरी वेळ. चार तासांनी उरलेले डोस फेकायचे असतात, म्हणून तिथे 10.20 ला 10.20 च लिहितात. एएनएम वॉर्डातल्या सिस्टरपेक्षा वेगळ्या मातीची आहे का? नाही. कुपीवरच्या वेळेला खरं लिहिल्याने कुणी मेमो देत नाही, एवढाच फरक.

गंमत अशी की पुरावा पूर्ण पुसला जात नाही. रात्रपाळीच्या रिपोर्ट बुकात बाराची मोजणी लिहावीच लागते: एकूण पेशंट, नवे, गेलेले, दगावलेले. त्यात गादीवरचे धरलेले असतात, कारण सकाळचं दूध-पाव त्या आकड्यावर येतं. खाली ड्युटीवरच्या सिस्टरची सही असते. एकच सही असली तर एकच सिस्टर. 44 आणि 1, हे दोन्ही आकडे एकाच पानावर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. भागाकार करायला कुणी बसत नाही, इतकंच. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. मागायचं ते "रिक्त पदांचा तपशील" असं मोघम नको, त्याला टक्केवारीचं गुळगुळीत उत्तर येतं. मागायचं ते असं: अमुक वॉर्डाची लागोपाठ 30 रात्रींची बाराची मोजणी आणि त्याच रात्रींचा प्रत्यक्ष हजेरीचा ड्युटी चार्ट. पेशंटचं नाव एकही नको. तीस भागाकार, एका पानावर. संघटनांच्या निवेदनांत अन्यायाची विशेषणं भरपूर असतात, हे पान क्वचितच जोडलेलं असतं. आणि औषधाच्या कागदावर "द्यायची वेळ" आणि "दिल्याची वेळ" असे दोन रकाने छापून, दुसऱ्या रकान्यात खरं लिहिणारीला मेमो मिळणार नाही असं एक ओळीचं परिपत्रक अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, सहीने निघालं, तर त्याला विधानसभेची गरज नाही. छपाईचा खर्च तेवढा.

म्हातारा त्या वॉर्डात पाच रात्री होता. दुसऱ्या रात्री म्हातारीने त्याला अकरापर्यंत जागं ठेवलं. तिसऱ्या रात्री नाही. जेवण झाल्यावर तिने त्याला पांघरूण घातलं, स्वतः गादीच्या कडेला पाय पोटाशी घेऊन पडली. पलीकडच्या रांगेत ट्रॉलीचं चाक करकरायला लागलं तशी उठली, पदर सारखा केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

"उठा की वं. दहा वाजायलेत."